रत्नागिरी-सिंधुदुर्गात वृत्तछायाचित्रकार म्हणून जगता येतं का? कॅमेरा घ्यावा की थांबावं?

सडेकर (रत्नागिरी)

एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीला फोटो देतो. पगार नाही. छापून आलेल्या फोटोमागे मानधन, आणि पुरवणीला जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. अलीकडे डेस्कचा (पान लावणाऱ्या संपादकांचा) सूर बदललाय. दरड कोसळली, एसटी घसरली, की तिथल्याच कुणाचा तरी मोबाइलवरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पोचतो. मी जाईपर्यंत पान छपाईला सुटलेलं असतं. दीड-दोन लाख घालून फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एक चांगली लेन्स घ्यावी का? घरचे म्हणतात स्टुडिओ टाक, लग्नं कर. या धंद्याला पुढे काही आहे का, असेल तर पैसे नेमके कुठून येतात, आणि आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून काय करायचं? उपदेश नको, हिशेब सांगा.

पान_तीन

आधी डेस्कची बाजू. साधा व्हॉट्सअ‍ॅप फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल येतो. वर्तमानपत्राच्या कागदाला २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) पुरतात. म्हणजे ८ इंच, २० सेंटीमीटर, जवळपास पाच कॉलम. दरडीचा फोटो एरवी तीन कॉलमांच्या वर जात नाही. तेव्हा क्वालिटीच्या नावाने त्या मोबाइलवाल्याशी भांडून उपयोग नाही, कॅमेरा कितीही महाग असो. घटनेच्या पहिल्या फोटोची शर्यत व्यावसायिक हरला, हे मान्य करून पुढे चला. अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या दैनिकाने मे २०१३ मध्ये २८ जणांचा अख्खा छायाचित्र विभाग काढून टाकला आणि वार्ताहरांना आयफोनवर फोटो काढायचं प्रशिक्षण दिलं. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत पगारी छायाचित्रकार मुळातच क्वचित, गावातला स्टुडिओवालाच पेपरला फोटो द्यायचा. त्यामुळे इकडे कुणी काढून टाकल्याची बातमीसुद्धा झाली नाही.

मोबाइलवाला काय देत नाही, ते बघा. तो दुसऱ्या दिवशी येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढतानाचे फोटो लोकांनी छपरांवरून, गच्च्यांवरून ढीगभर काढले. पाणी ओसरल्यावर दुकानांतून ओढून काढलेला चिखल, पंचनाम्याची रांग, त्याच नाक्याचं त्याच जागेवरून वर्षाने काढलेलं चित्र, हे तारीख-ठिकाणासह पद्धतशीर कुणाकडे आहे? मासिकं, पुस्तकांचे प्रकाशक, संशोधन संस्था, आपत्तीवर काम करणाऱ्या संस्था हेच मागतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, खाडीतला वाळूउपसा, पर्ससीन (यांत्रिक होडीवरची मोठी जाळी) आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायची जाळी) वाल्यांचा वाद, किनाऱ्याची धूप. यातला एखादा विषय पाच वर्षं धरून ठेवलेला माणूस मुंबईहून गाडी करून आलेल्या कुठल्याही छायाचित्रकारापेक्षा पुढे असतो.

पण तो संग्रह शोधता आला पाहिजे, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कॅप्शन फोटोच्या आत, आयपीटीसी मेटाडेटात (फोटोच्या फाइलमध्येच माहिती लिहायच्या ठरलेल्या रकान्यांत) भरा: काय घडतंय, गाव, तालुका, तारीख, फोटोतल्या माणसाचं नाव त्याने दिलं असेल तर, तुमचं नाव, हक्काची ओळ. 'कोकणात पावसाचा हाहाकार' ही कॅप्शन नव्हे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मेटाडेटात गेला की दुसऱ्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. उलट फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवा, कारण देवनागरी नावं काही एफटीपी सर्व्हरवर (डेस्क फाइली घेतं तिथे) फुटतात. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की ते मूळ तारखेवर जातं आणि मग अख्ख्या दिवसाचे फोटो भलत्याच वर्षात जाऊन पडतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात की सगळा मेटाडेटा गळतो, तुमच्या नावासकट.

खाडीकाठ

कॅमेऱ्याचं माझं मत: नवी फुल फ्रेम बॉडी आत्ता नको. पाणी-धूळ अडवणारं सीलिंग असलेली, दोन मेमरी कार्डांची वापरलेली बॉडी आणि २४-१२० एफ/४ सारखी एक झूम लेन्स, एवढ्यात जिल्ह्यातलं बहुतेक काम निघतं. उरलेल्या पैशांतून आधी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट.

बुरशीला हवेत ६०-६५ टक्क्यांच्या वर सलग ओलावा, अंधार आणि काचेवरचा बोटांचा तेलकटपणा एवढं पुरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्या आकड्याच्या खाली क्वचितच येते. कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्याहून कोरडं केलंत तर रबराच्या रिंगा कडक होतात. कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी गॅस्केटचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर आणि ओलावा शोषणारी सिलिका जेल. नारिंगी जेल हिरवट पडली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. कॅमेऱ्याच्या उघड्या बॅगेत जेलच्या पुड्या टाकणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. हवा येत राहते आणि पुडी दोन दिवसांत भरते. चामड्याच्या पाउचमध्ये लेन्स कधीच ठेवू नका, बुरशीचं माहेरघर ते.

एसी गाडीतून उतरून लगेच फोटो काढायला गेलात तर काच धुरकटते, आणि झूम फिरवलीत तर तीच दमट हवा आत ओढली जाते. उतरण्याआधी कॅमेरा झिप पिशवीत बंद करा, २०-३० मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग पिशवी उघडा. समुद्राचे तुषार उडाले असतील तर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही. मिठाचे कण काचेवरचं कोटिंग घासतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी बॉडी, लेन्सची नळी, हॉटशू (फ्लॅश बसवायची खाच) आणि माउंटची (लेन्स बसते त्या जागेची) कड, मग कोरडं मायक्रोफायबर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून धुवा, नाहीतर सांध्यात वाळू बसते आणि लॉक सुटत नाही.

विमा काढताना दोन ओळी वाचा: व्यावसायिक वापर धरलाय का, आणि पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का. घरगुती पॉलिसीत बहुधा पहिलीच अट आडवी येते.

कलम_सतरा

पैशांचा प्रश्न शेवटी हक्कांचा आहे, म्हणून थोडं कोरडं लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(अ): वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचे हक्क छायाचित्रकाराचे, वेगळा करार नसेल तर. तुम्ही नोकरीत नाही, म्हणून स्वतःहून काढून दिलेल्या फोटोचे हक्क तुमचेच. पण १७(ब) लक्षात ठेवा. कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतले तर, उलट करार नसेल तर, पहिला मालक तो सांगणारा. रिसॉर्टवाला, एखादी संस्था, कंपनी, सगळे यात आले. म्हणून काम घेतानाच एका ओळीचा ईमेल पाठवून त्यावर होकार मागवा: 'हक्क छायाचित्रकाराकडे, तुम्हाला अमुक कामासाठी, अमुक वर्षं वापराचा परवाना.'

हक्क देऊन टाकायचा करार लेखी आणि सहीचा लागतो (कलम १९). त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मानधनाच्या व्हाउचरवर मागे बारीक अक्षरांत 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं छापलेलं असतं का, ते सही करण्याआधी उलटून बघा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. तुमच्या पोरांनाही त्याचं काही मिळू शकतं.

मालवणकर

ह्या सगळा बरा. फोटो सगळ्यांका होयो, पैसे कोण देतलो ता सांगा.

पान_तीन म्हणतात तो संग्रह पाच वर्षांनी कमाई देईल. तोवर ईएमआय कोण भरणार? लग्नं सोडू नका. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू, मे अखेर उरकतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या किनाऱ्यावर शाकारून पडलेल्या. लग्नाचे मुहूर्त नाहीत ते महिने बातमीच्या कामाला मोकळे, आणि आपल्याकडच्या मोठ्या बातम्या पावसातच येतात. फक्त एकाच कार्डावर दोन्ही कामं ठेवू नका.

दुसरं, पोर्टलवाल्यांना फोटोपेक्षा व्हिडिओ हवा असतो आणि त्याचे पैसे वेगळे मागता येतात. उभा आणि आडवा, दोन्ही घ्या. प्रत्येक शॉट किमान १० सेकंद न हलवता. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. वाऱ्यात कॅमेऱ्याचा माइक निरुपयोगी, फरचं टोपडं घातलेला छोटा माइक लावा.

सडेकर

आभारी आहे सगळ्यांचा. वापरलेली बॉडी आणि कॅबिनेट, एवढं पक्कं. दोन शंका. एआयने बनवलेले पुराचे फोटो ग्रुपवर फिरायला लागलेत, उद्या माझाच खरा फोटो कुणी खोटा म्हटला तर? आणि ड्रोन घेऊ का?

पान_तीन

रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि त्या फोटोच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स उडवू नका. एक चित्र बनवता येतं. त्याच जागेवरून, सेकंदासेकंदाने पुढे सरकणाऱ्या दहा रॉ फाइल्स बनवणं फार अवघड. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागवून तपासतात. डेस्कला मात्र जेपीईजीच द्या, रॉ तुमच्याकडे. रॉयटर्सने तर २०१५ मध्येच बाहेरच्या छायाचित्रकारांना रॉवरून प्रोसेस केलेले फोटो पाठवू नका असं कळवलं होतं. फोटोवरच उगमाची डिजिटल सही करणारे कॅमेरे आलेत, लायका एम११-पी हा ऑक्टोबर २०२३ मधला पहिला. ते आपल्या खिशाबाहेर आहेत. आणि ती सही वाचणारी यंत्रणा डेस्कवर नसेल तर तिचा उपयोगही तेवढाच.

क्रॉप आणि उजेड-अंधार यापलीकडे काही करू नका. आडवी आलेली विजेची तार एआयने पुसलीत तर मग तो वृत्तफोटो राहिला नाही.

कोर्टात किंवा विम्याच्या दाव्यात फोटो लागू शकेल असं वाटलं तर मूळ फाइलची हॅश (फाइलमधून निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) त्याच दिवशी काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती भरावी लागते.

खाडीकाठ

ड्रोन शेवटी घ्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो वर्गातल्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर, २ किलोपर्यंतचा मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. ग्रीन झोनमध्ये (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंत परवानगी नको, पण उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक वेळी बघा. चिपी (सिंधुदुर्ग) आणि रत्नागिरी विमानतळांमुळे आपल्या पट्ट्यात मर्यादा येतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर वेगळी परवानगी. मंत्र्यांचा दौरा किंवा मोठी मिरवणूक असली की मनाई आदेश निघालाय का, हे पोलिस ठाण्यात विचारा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे बिलाशिवाय मिळणारा 'सीलबंद' ड्रोन स्वस्त पडला तरी त्याची नोंदणी अडते.

दुपारनंतर समुद्रावरून वारा चढतो. हलका ड्रोन जाताना वाऱ्याच्या विरुद्ध न्या, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. वाळूवरून थेट उडवू नका, मोटरमध्ये कण जातात. जुनी ताडपत्री अंथरली तरी चालतं, फक्त चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा, नाहीतर तीच उडून पंख्यात येते.