दुखणं हटत नाही, प्रार्थनेला उत्तर नाही. आजाऱ्याला वाचायला काय द्यावं?

नगरची_सून: सासूबाईंचा आमवात जुना आहे, बोटं वाकडी झालीत. घरी प्रार्थनेला येणारे "विश्वास वाढवा" सांगून जातात. एकाने तर गोळ्या सोडून सगळं प्रभूवर टाका म्हटलं. आता त्यांना बायबलही नकोसं झालंय.

औषधवाला: आधी गोळ्यांचं. त्यात प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) असेल तर एकदम तोडू नका. ती बरेच दिवस चालू असली की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (तसंच काम करणारं संप्रेरक) कमी बनवतं. अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील. आणि बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय (१ तीमथ्य ५:२३), दुसरा सहकारी त्रफिम याला तर मिलेत शहरात आजारी ठेवून तो पुढे गेला. विश्वास कमी पडला, असं दोघांनाही म्हटलेलं नाही.

स्तोत्रवाचक: बायबलमधलं स्तोत्र १३ द्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कुठवर?" चार वेळा येतं, ३-४ मध्ये मागणं, ५-६ मध्ये भरवसा. लोक थेट पाचव्यावर उडी मारतात, तिथेच बिनसतं. दोन वचनं वाचून थांबा. त्यांचे "कुठवर" त्यांनाच बोलू द्या: सकाळी बोटं उघडत नाहीत, कप धरवत नाही, जे असेल ते. मग मागणं एकच, आजच्यापुरतं. ५-६ तोंडी येत नसेल तर त्यांच्या वतीने तुम्ही वाचा. तेही जड गेलं तर स्तोत्र ८८ आहेच. अठरा वचनं, आणि शेवट अंधारातच होतो. तरी ते पवित्र शास्त्रात आहे!

वसईकर: आमच्याकडे कॅथलिकांत फादरना बोलावून तेल लावून घेतात (याकोब ५:१४). हा विधी मरणपंथाला लागलेल्यांसाठीच, हा गैरसमज. दुखणं बळावलं तर पुन्हा घेता येतो.

नगरची_सून: "माझी कृपा तुला पुरे आहे" हे वचन भिंतीवर लावू का?

स्तोत्रवाचक: त्यांनी मागितलं तर लावा. शरीरातला काटा (तो आपल्या त्रासाला हेच म्हणतो) निघावा म्हणून पौलाने देवाला तीनदा विनवलं, त्यानंतर ते उत्तर त्याला स्वतःला मिळालं. भेटायला आलेल्याने ऐकवलं नव्हतं. येणाऱ्यांना ईयोब २:१३ दाखवा. दुःखात बुडालेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, उपदेश सुरू झाला आणि ४२:७ मध्ये देवाचा राग त्यांच्यावरच निघाला. पंधरा मिनिटं बसा, चहा घ्या, निघा, एवढं स्पष्ट सांगायला हरकत नाही.