कालवडीची कांडी भरली, झाला गोऱ्हा. दोष कांडीचा, गायीचा की माझा?

गोठेवाली, संगमनेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मंगळवारी पहाटे साडेचारला चंद्री व्याली. बॅटरीच्या उजेडात शेपूट वर करून पाहिलं आणि तोंडातून जो शब्द निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. गोऱ्हा!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, निम्म्या वेळा गोऱ्हाच होतो. पण ही सॉर्टेड सीमेनची कांडी होती, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची गोठवलेली बारीक नळी. एकीचे हजार रुपये. पहिली भरली, एकविसाव्या दिवशी चंद्री उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दुसरी भरली, पुन्हा उलटली. तिसरीला राहिली. म्हणजे तीन हजार रुपये आणि वर मोकळे गेलेले दीड महिने. एवढं करून हा काळापांढरा पठ्ठ्या माझ्याकडे बघत उभा.

माझ्याकडे नऊ जनावरं, सगळी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित. मालक नोकरीला, गोठा माझ्या अंगावर. गोऱ्ह्याला दोन महिने दूध पाजायचं, पुढं फुकट न्यायलाही कुणी येत नाही, सोडून द्यायला मन धजत नाही. म्हणून तर कालवडीच्या कांडीच्या नादी लागले. चंद्रीचं हे पाचवं वेत, अठरा लिटरची गाय, तिची एक तरी कालवड मागं राहावी एवढीच इच्छा होती.

कांडी भरणारे म्हणतात, "ताई, कंपनी नव्वद टक्केच सांगते, तुमचं नशीब दहा टक्क्यांत गेलं." हे खरं का? की मला कुणी बनवलं? पुढच्या महिन्यात मैना नावाची कालवड पहिल्यांदा भरवायची आहे. पुन्हा हजार घालू का साधीच कांडी भरू?

नाना, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, आधी एक सांगा. वासराला चीक पाजलात ना पोटभर? गोऱ्हा झाला म्हणून रागाच्या भरात ते राहून गेलेलं मी पुष्कळ गोठ्यांत पाहिलंय. पहिल्या दोन तासांत पाजायचा, गोऱ्हा असो नाहीतर कालवड.

आता तुमचं. नव्वद टक्के ही गोष्ट खरी आहे, त्यात फसवणूक नाही. पण लोक त्याचा अर्थ "माझ्या गायीला कालवडच" असा घेतात. पाच गायी सॉर्टेड कांडीनं गाभण राहिल्या तर पाचहीजणींना कालवडी होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आतच येते. म्हणजे पाचात एखादा गोऱ्हा निघाला तर नवल करू नये. तुमचा पहिल्याच फेरीत निघाला, एवढंच.

मला जास्त खटकतंय ते दोनदा उलटण्याचं. चार गोष्टी सांगा. माज किती वाजता दिसला? कांडी किती वाजता भरली? ती कशात गरम केली? आणि रिकाम्या कांड्या ठेवल्यात का?

गोठेवाली, संगमनेर

नाना, चीक पाजला हो. रुसून बसले होते, पण पाजला.

माज तिन्ही वेळा सकाळी धारेला गेल्यावर दिसला, सहाच्या सुमारास. बळस (माजाचा चिकट स्राव) टाकत होती, शेजारणीवर चढत होती. फोन केला की ते आठपर्यंत यायचे. दुसऱ्या वेळी तर सात वाजताच आले, त्यांना पुढं लग्नाला जायचं होतं.

गरम करण्याचं विचाराल तर कंटेनरमधून काढली, दोनदा झटकली, काखेत धरली आणि गनमध्ये घातली. पाणीबिणी काही नाही. मी समजत होते तसंच करतात.

रिकाम्या कांड्या दोन आहेत, दुधाच्या वहीत चिकटवून ठेवल्यात. त्यावर वळूचा नंबर, तारीख आणि सॉर्टेड असल्याची खूण छापलेली आहे. तिसरी मात्र त्यांनी स्वतःच्याच खिशात घातली. त्या दिवशी मी मागितली नाही.

नाना, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

तिसऱ्या कांडीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण बघितलेली नाही. पण ताई, पैसे तुम्ही दिलेत, रिकामी कांडी तुमची. भरण्याआधी हातात घेऊन छापलेलं वाचायचं आणि भरून झाल्यावर मागून घ्यायची. कुणाला राग आला तर येऊ द्या.

उलटण्याचं कारण मात्र तुम्हीच लिहून ठेवलंय. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. सॉर्टेडमध्ये असतात वीस ते चाळीस लाख. साध्या कांडीत माणसानं थोडी हयगय केली तरी खपून जातं, निम्मे मेले तरी एक कोट उरतात. इथं मुळातच गल्ला लहान. काखेत नेमकं किती तापमान असतं आणि हिवाळ्यात पहाटे किती, हे सांगता येतं का कुणाला? थर्मासमध्ये ३७ अंशाचं पाणी, त्यात तीस-चाळीस सेकंद, पुसून कोरडी करायची, पाण्याचा थेंब राहता कामा नये, आणि लगेच भरायची. माझ्या बॅगेत नोकरीभर एक थर्मामीटर असायचा. लोक हसायचे, ताप बघता का गायीचा म्हणून.

दुसरं म्हणजे वेळ. आपला जुना हिशोब, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर सकाळी. तुम्ही तर दोन तासांत उरकत होतात. सॉर्टेड कांडी आणखी थोडी उशिरा भरायची असते. गाय दुसरीला अंगावर चढू देते आणि हलत नाही, त्याला आम्ही उभा माज म्हणायचो. तो सुरू झाल्यापासून सोळा ते चोवीस तासांत.

आणि तिसरं, गाय. पाचव्या वेताची, अठरा लिटर देणारी, आधीच अंगानं ओढलेली. ही कांडी कालवडीसाठी सगळ्यात चांगली. निरोगी, अंगात भरलेली, माज पक्का दाखवणारी कालवड. तुमची मैना बसते त्यात.

गोठेवाली, संगमनेर

नाना, तुमचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "उशिरा भरवली की गोऱ्हा होतो, लवकर भरवली की कालवड, हे माझ्या आज्ज्यापासून ठाऊक आहे. तो कोण सांगणारा?" आता काय करू? (दुसऱ्या लेकीच्या वेळी हेच सासरे मला काय काय म्हणाले होते. गोठ्यात तेवढी त्यांना लेक पाहिजे.)

पेशीमोजणीवाला, पुणे

यात बोलायचं धाडस करतो. मी फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रावर काम करतो. माझं काम रक्तातल्या पेशींचं, गायीला हात लावायलाही घाबरतो. पण कांड्या ज्या यंत्रावर निवडतात ते याच जातीचं आहे, म्हणून सासऱ्यांच्या शंकेचं उत्तर देता येईल.

वासरू गोऱ्हा की कालवड हे शुक्राणू ठरवतो. चंद्रीचा त्यात काडीचाही हात नाही. एक्स गुणसूत्राचा शुक्राणू पोहोचला तर कालवड, वायचा पोहोचला तर गोऱ्हा. गायीबैलांत एक्सवाल्यात वायवाल्यापेक्षा डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. शंभर किलोचं पोतं आणि एकशे चार किलोचं पोतं, एवढाच फरक. तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या पोत्यात.

यंत्रात काय होतं? वीर्य पातळ करून त्यात डीएनएला चिकटणारा रंग घालतात. मग ते इतक्या बारीक धारेतून सोडतात की शुक्राणू एकामागं एक, एकेरी रांगेत जातात. मध्ये लेझर. ज्याच्यात डीएनए जास्त तो किंचित जास्त चमकतो. धारेचे पुढं थेंब होतात, चमक पाहून थेंबाला विजेचा भार देतात, आणि खालच्या पट्ट्या भारलेल्या थेंबांना या नाहीतर त्या नळीकडे ओढतात. हे सेकंदाला हजारोंच्या हिशोबानं चालतं.

गंमत पुढं आहे. शुक्राणूचं डोकं गोल नसतं, वल्ह्यासारखं चपटं असतं. कडेनं दिसला तर चमक वेगळी, पसरट बाजूनं दिसला तर वेगळी, आणि हा फरक त्या चार टक्क्यांपेक्षा मोठा. म्हणून नळीचं तोंड असं घडवलेलं असतं की बरेचसे एकाच बाजूनं वळावेत. जे वळत नाहीत ते सरळ टाकून देतात. मेलेलेही टाकतात. कांडी महाग का आणि शुक्राणू कमी का, त्याचं कारण हे. आणि नव्वद टक्के का, शंभर का नाहीत, याचंही.

आता सासऱ्यांकडे येऊ. साध्या वीर्यात दोन्ही जातीचे निम्मे निम्मे असतात, तिथं वेळेवरून वाद घालायला निदान जागा आहे. सॉर्टेड कांडीत वायवाले दहात एक. उशीर केला म्हणून ते आतल्या आत वाढत नाहीत. उशिरा भरायचं कारण वेगळं. रंग, लेझर, दाब, वीज, मग गोठवणं, एवढ्यातून आलेले शुक्राणू आधीच अर्धे पिकल्यासारखे झालेले असतात. गर्भाशयात ते साध्यांइतका वेळ तग धरत नाहीत. स्त्रीबीज बाहेर पडायच्या फार आधी सोडले तर वाट बघूनच मरतात. तुमच्या पहिल्या दोन कांड्यांचं बहुधा हेच झालं.

हे तंत्र नवं नाही. १९८९ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत लॉरेन्स जॉन्सन यांनी असे निवडलेले शुक्राणू वापरून सशांची पिल्लं जन्माला घातली होती. आपल्याकडे अडचण होती ती परदेशी यंत्राच्या आणि हक्कांच्या पैशांची. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी सॉर्टेड सीमेनच्या तंत्राचं उद्घाटन झालं. एका डोसमागं सुमारे दोनशे रुपये वाचतील असं तेव्हा सांगितलं होतं. त्याच दिवशी देशी गायी-म्हशींसाठी जनुकीय चिपही आली, वासराच्या डीएनएवरून पुढं दुधाला कसं निघेल याचा अंदाज बांधायला. कालवड हवी ही एक गोष्ट, कोणत्या गायीची हवी ही दुसरी.

आणि हो, माणसांत असं लिंग निवडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, गर्भ राहण्याआधीसुद्धा. सासऱ्यांना सांगून ठेवा.

खिलारवाला, आटपाडी

तुमचं सगळं कालवडीचं चाललंय, आमच्याकडं उलटं हाय. माझ्याकडं तीन खिलार गायी. खोंड झाला की आख्खी वस्ती बघायला येती. बैलगाडा शर्यतीला २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं हिरवा कंदील दिल्यापास्नं चांगल्या खोंडाचा भाव इचारू नका. तवा मला खोंडाची कांडी पायजे. त्या यंत्रातनं वायची नळी बी निघतीच की. ती काय गटारीत सोडत्यात का?

पेशीमोजणीवाला, पुणे

दादा, यंत्राला काही फरक पडत नाही, दोन्ही बाजूंना निवडता येतं. पण गिऱ्हाईक दुधाचं आहे, म्हणून कालवडीच्याच कांड्या भरतात. खिलारचे खोंड मागणारे पुरेसे असले तर कुणीतरी भरेलही.

नाना, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

खिलारवाले, तुम्ही नैसर्गिक रेतनच करा. तुमच्या जातीत चांगला वळू टिकवणं हेच मोठं काम आहे.

ताई, मैनेचं वजन किती? टेपनं छातीचा घेर मोजा, त्यावरून अंदाज येतो. अडीचशे किलोच्या आत असेल तर थांबा, कांडी कुठलीही असो. आणि एक माज सोडून द्या, तो फक्त टिपून ठेवा. पुढच्या माजाला तारीख आधीच माहीत असेल, मग धावपळ होत नाही. तिलाही साधी भरायची असेल तर भरा, मी अडवणार नाही. पण माझी लेक असती तर मी तिला सांगितलं असतं, कालवडींना सॉर्टेड भर, थोराड गायींना साधी.

गोठेवाली, संगमनेर

पाच आठवड्यांनी लिहितेय. मैना टेपनं दोनशे सत्तर भरली. मागचा माज सोडला, भिंतीवर खडूनं तारीख लिहून ठेवली होती. हिशोबानं आजचा दिवस येत होता म्हणून दुपारपासूनच गोठ्यात घुटमळत होते.

संध्याकाळी बाकीच्या गायी मैनेचा वास घेत होत्या, ती पुढं पळत होती. सात वाजून दहा मिनिटांनी चिमणी तिच्यावर चढली आणि मैना खांबासारखी उभी राहिली. तेवढ्यात सासरे म्हणाले, "बोलव त्याला आत्ताच." मी म्हटलं, उद्या अकराच्या आत कुणी या दारात कांडी घेऊन यायचं नाही.

या खेपेला दुसरे डॉक्टर बोलावलेत. थर्मास मी घासून ठेवलाय. थर्मामीटर मेडिकलमधला आणणार होते, पण तो तापाचा, पाण्याला चालत नाही म्हणाले. मग थोरलीच्या शाळेतल्या प्रयोगाच्या बाईंकडून दोन दिवसांसाठी मागून आणलाय. डॉक्टरांना साडेबाराची वेळ दिली. ते म्हणाले, ताई, ती जेवायची वेळ असते. म्हटलं, डाळबट्टी करते, इथंच जेवा.

तो गोऱ्हा अजून इथंच आहे. धाकटीनं त्याचं नाव नव्वद ठेवलंय.