मदत हवी आहे: मानक ठरवणाऱ्या गटात एकत्रित प्रयोग कसे आखायचे?

नमस्कार मंडळी,

सेन्सरची माहिती एका यंत्रणेतून दुसरीत पाठवण्यासाठीच्या प्रोटोकॉलचा मसुदा आमच्या गटात तयार होतोय. आता वेगवेगळ्या संस्थांची सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडून पाहायची आहेत. आयईटीएफमध्ये (इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी संस्था) 'इंटरनेट स्टँडर्ड' हा दर्जा मिळवायला किमान २ स्वतंत्र अंमलबजावण्या (मानकावरून वेगवेगळ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर) एकमेकींशी नीट बोलायला लागतात. तो दंडक मला अगदी योग्य वाटतो.

नुसत्या वाचनाने मसुद्यातल्या फटी दिसत नाहीत. आमच्याकडचंच बघा: वेळ आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) नुसार लिहा, एवढंच मसुद्यात म्हटलंय. एक सॉफ्टवेअर शेवटी 'झेड' लावतं, दुसरं '+००:००'. अर्थ तोच (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ), पण समोरचा पार्सर, म्हणजे आलेला मजकूर वाचून उलगडणारा भाग, दुसरा प्रकार नाकारतो. टीएलएस (इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) च्या १.३ आवृत्तीच्या वेळी तर वाटेतली जुनी उपकरणंच जोडणी तोडत होती. शेवटी २०१८ च्या आरएफसी ८४४६ मध्ये (त्या आवृत्तीचा आयईटीएफचा दस्तऐवज) आवृत्तीच्या जुन्या रकान्यात १.२ चाच आकडा ठेवून खरी आवृत्ती एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे संदेशाच्या जादा भागात, न्यावी लागली. प्रत्यक्ष जाळ्यावर चाचण्या झाल्या म्हणूनच हे कळलं.

मुख्य अडचण निकालांची आहे. आपलं उत्पादन नापास झाल्याचं जाहीर होईल या भीतीने काही संस्था मागे सरतात, आणि निकाल झाकले तर मसुदा सुधारायचा कशाच्या आधारावर? तुम्ही यातून कसा मार्ग काढला? चाचण्या मसुद्याच्या लेखकांनी लिहाव्यात की त्रयस्थांनी? प्रयोग चालू असताना मसुदा गोठवता का?

कुणाकडे चाचणी आराखड्याचा नमुना असेल तर कृपया द्या, फार उपयोग होईल.