दंड भरणाऱ्या बापाची बाजू कशी लिहायची?

दांडियाबाजारकरीण

आमच्या बडोद्यातल्या लेखनमंडळानं या महिन्याला विषय दिलाय, 'व्यवस्था विरुद्ध स्वातंत्र्य'. बहुतेकांनी भविष्यातलं शहर घेतलंय. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे, मधून पळणारा एक तरुण. मला कंटाळा आलाय त्याचा. वाचणाऱ्यानं कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, ते पहिल्याच पानावर ठरलेलं.

म्हणून मी १९०७ सालचं बडोदे संस्थान घेतलं. आदल्याच वर्षी सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात सक्तीचं केलं होतं (अमरेलीकडे प्रयोग १८९३ पासूनच चालू होता). मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. पोर शाळेत आलं नाही की बापाला दंड. माझ्या गोष्टीतला कणबी, म्हणजे गुजराती शेतकरी, मुलीला शाळेत घालत नाही, दंड भरतो. मराठी तपासनीस ओट्यावर बसून हजेरीपट उघडतो, नावावर बोट ठेवतो. कणबी त्या बोटाशेजारी नाणी मांडतो, एकेक करून, आणि विचारतो, "पावती देणार ना?"

इथवर झकास जमलं. पुढे घोडं पेंड खातंय. जन्मभर मास्तरकी केलेली बाई मी, माझा जीव शाळेकडेच ओढणार. तपासनीस संत होत चाललाय आणि बाप निव्वळ आडमुठा. काय करू? 'दोन्ही बाजू दाखवा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको.

ग्वाल्हेरी नाटक्या

ताई, 'अँटिगनी' हे सोफोक्लीजचं ग्रीक नाटक पुन्हा काढून वाचा. भावाचं दफन करू पाहणारी बहीण सगळ्यांना आठवते, पण त्या दफनाला बंदी घालणाऱ्या राजाचं, क्रेऑनचं, म्हणणं तसं बिनबुडाचं नाही. शहर नुकतंच लढाईतून वाचलंय आणि तो भाऊ शहरावरच फौज घेऊन चालून आला होता. राजानं कायदा करायचा नाही तर कोणी? तो बुडतो तो ऐकून न घेतल्यामुळे. पोटचा मुलगा समजवायला येतो, त्यालाही उडवून लावतो.

'घाशीराम कोतवाल'च्या वाटेला मात्र जाऊ नका. रात्री घराबाहेर पडायला परवाना लागतो ते पुणं रंगमंचावर भन्नाट दिसतं, पण तिथली शिस्त मुळातच सौद्यातून आलेली. पोरीच्या बदल्यात कोतवाली. तुमचा कायदा चांगल्या हेतूचा आहे, म्हणूनच तो लिहायला जड.

रावपुरा ७

मला वेगळीच शंका. गुपचूप दंड भरू शकतो तो माणूस खाऊनपिऊन सुखी असणार. ज्याला पैसा जड, त्याच्या घरी त्या वेळेला मुलगी काय करत असते ते लिहा ना. धाकटा भाऊ कडेवर, आई कापूस वेचायला गेलेली. पोरगी शाळेत बसली तर कडेवरचं कोणी सांभाळायचं? हे कळलं की आडमुठेपणा राहतच नाही, हिशेब राहतो. शिवाय वहिवटदाराकडून, म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्याकडून, येणारा कागद म्हणजे नवा कर, असंच गाव धरून चालणार. त्यात साहेब मराठी बोलणारा. हे आपल्याला, बडोद्याच्या मराठी लोकांना, लिहायला जरा टोचतं, म्हणून मुद्दाम लिहा.

जुनी बखर

दोन गोष्टी. ज्या महाराजांनी कायदा केला ते स्वतः कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर. १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक घेऊन गादीवर बसवले आणि मग अभ्यासाला जुंपले. तपासनिसाला हे ठाऊक असणारच. गावात तो ते अभिमानानं सांगेल, आणि कणबी त्यातून भलताच अर्थ काढेल.

दुसरं, तारखा जुळवून बघा. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा बडोद्यात १९०४ चा, मुलीच्या लग्नाचं किमान वय बारा. शाळेची सक्ती दहाला संपते. मधली दोन वर्षं मुलीला ना शाळेची सक्ती, ना लग्नाची मुभा, नुसती बापाच्या ताब्यात. तुमची गोष्ट तिथे आहे असं मला वाटतं.

दांडियाबाजारकरीण

जुनी बखर, ही दोन वर्षं मी घेतली, परत मागू नका.

रावपुरा, कापसाचं घर शेजारी म्हणून आणते. दंड भरणारा मात्र सधनच राहील. पैसे टाकून तो जे विकत घेतो त्याला तो 'माझी मोकळीक' म्हणतो, आणि दारामागे उभ्या असलेल्या मुलीला त्यातलं काही मिळत नाही. हे गरीब बापाकडून निघणार नाही.

आणि नाटक्या, क्रेऑनच्या मुलावरून सुचलं. तपासनिसाला घरी अकरा वर्षांची मुलगी देते. स्थळ चांगलं आलंय, बायकोचं म्हणणं संस्थानाची हद्द ओलांडून लग्न उरकून टाकू. तो अजून हो म्हणालेला नाही, पण नाहीही म्हणालेला नाही. तेवढ्यात त्याला त्याच कणब्याच्या ओट्यावर पुन्हा पाठवते, दुसऱ्या महिन्याच्या दंडासाठी.