'प्लेट आर्मर'ला मराठीत काय म्हणाल?

घाटवळण (फोंडा): एक काल्पनिक चित्रकथा मराठीत आणतेय. नायिका 'नाइट', म्हणजे युरोपी धाटणीची घोडेस्वार योद्धा आहे. चित्रकाराने तिला नखशिखांत पोलादी पत्रे चढवलेत. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला मात्र कड्यांची जाळी. मी दोन्हीला 'चिलखत' लिहिलं आणि वाक्य झालं, 'चिलखताच्या फटीतून चिलखत दिसत होतं.' 'पत्र्याचं चिलखत' म्हटलं तर घरच्यांना तेलाचा डबा आठवला. काय करू?

अनुस्वार: सोपं आहे. जाळी ते चिलखत, पत्रे ते कवच. कर्णाची कवचकुंडलं कुणी 'चिलखतकुंडलं' म्हणत नाही. फारसीला इतकं डोक्यावर का घ्यायचं?

जत्रेतला नट: कर्णाचं कवच जन्मजात हो, या बाईला ते रात्री काढून ठेवायचंय. आमच्या जत्रेतल्या नाटकात चिलखत म्हणजे सुतळी विणून चंदेरी रंग मारलेला सदरा. अंगरख्याच्या आत तो घालून मी प्रतापगडाच्या प्रवेशाला उभा राहिलो. पडदा पडेपर्यंत घामाने रंग सुटून मान चंदेरी. चिलखत म्हणजे जाळी, हे माझ्या मानेला पक्कं ठाऊक.

डिचोलकार: जाळीला नेमका शब्द 'जिरे'. फारसी 'झिरिह' म्हणजे कड्यांचं चिलखत. त्यावरून जिरेटोप.

मांडवीकाठ: आमचे आजोबा सांगायचे, कड्या जिऱ्यासारख्या बारीक म्हणून जिरेटोप.

डिचोलकार: आजोबांचा मान राखून सांगतो, फोडणीच्या डब्यातून टोप निघत नाही.

अनुस्वार: आणि हल्ली जिरेटोप म्हणून विकतात तो मखमलीचा, वर मोत्यांच्या माळा. त्यात एक कडी दाखवा.

मांडवीकाठ: म्हणजे वापराने अर्थ बदलतो, हे तुम्हीच कबूल केलंत. मग चिलखतात पत्रे आले तर एवढं काय बिघडलं?

डिचोलकार: पत्र्यांसाठी 'चारआईना' आहे की. छाती, पाठ आणि दोन कुशी, असे चार पत्रे. आईना म्हणजे आरसा.

घाटवळण: शब्द देखणा आहे, पण हिचे हातपायही झाकलेत. सोळा आईने होतील. शिवाय चित्रकाराने छातीचा पत्रा दोन उभारांचा काढलाय.

डिचोलकार: तो आधी बदलायला सांगा. घाव घसरून बाहेर जायला हवा; दोन उभारांमुळे तो नेमका मधल्या हाडाकडे येतो. होडीच्या नाळेसारखी मधोमध एकच धार ठेवा. नटवायचंच तर १५व्या शतकातल्या जर्मन कारागिरांसारख्या उभ्या चुण्या पाडा. पत्र्याला ताठपणाही येतो आणि रूपही.

जत्रेतला नट: चुण्यांचा पत्रा म्हणजे पन्हळी पत्रा! आला परत गोठ्यावर.

मांडवीकाठ: जुन्या गोव्याच्या संग्रहालयात व्हाईसरॉयांच्या तसबिरी आहेत, त्यांतले काहीजण असे पत्रे घालून उभे. लहानपणी मला वाटायचं, हे बसतात कसे?

डिचोलकार: छान बसायचे. त्या काळचा अख्खा पोशाख साधारण १५ ते २५ किलोंचा, आणि वजन अंगभर वाटलेलं. कड्यांचा सदरा सगळा खांद्यांवर लोंबतो, म्हणून कमरेला पट्टा आवळायचा. आणि त्या नायिकेच्या खांद्यावर काटेरी पंख असतील तर तेही छाटा. आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणीचा नाच बघा, कमरेला खोटा घोडा बांधलेल्याचा तलवारीचा हात कसा मोकळा असतो.

घाटवळण: पंख आहेत. आणि तलवार 'अवजड' लिहिलीय.

डिचोलकार: खोडा. दोन हातांची युरोपी तलवारसुद्धा बहुधा तीन किलोंच्या आत भरते. 'फिरंग' लिहा, म्हणजे युरोपी पात्याची तलवार.

अनुस्वार: काल्पनिक राज्यात फिरंगी कुठून आले? सरळ पात्याची आपली 'धोप' आहे ना. आणि नाइटला 'वीरांगना'.

मांडवीकाठ: वीरांगना फक्त पोवाड्यात. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं असलेला तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसला की बारगीर.

अनुस्वार: पुन्हा फारसी.

मांडवीकाठ: 'सरकारी'ही फारसीच आहे, ते बरं चाललं तुम्हाला.

घाटवळण: घोडा तिला राणीने दिलाय. म्हणजे बारगीर? असो. माझं वाक्य अजून तसंच आहे.

मांडवीकाठ: 'बख्तराच्या फटीतून जिरे दिसत होतं'?

घाटवळण: आई म्हणते, दात घासले नाहीत वाटतं.

जत्रेतला नट: मध्येच विचारतो, घामाने सुटणार नाही असा चंदेरी रंग कुणाला माहीत आहे का? जत्रा जवळ आली.