कॉलम क्रमांकाने वाचावा की नावाने?

कोड रिव्ह्यूला बसलं की आमच्याकडे हे भांडण ठरलेलं. डॉटनेटचा (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रामिंग व्यासपीठ) डेटा रीडर डेटाबेसमधून आलेल्या निकालाची एकेक ओळ देतो. तिच्यातला कॉलम क्रमांकाने मागा, नाहीतर नावाने. माझं मत: क्रमांकच. नाव दिलं की त्यावरून क्रमांक शोधणं आलं. आमचा रात्रीचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) २० लाख ओळी वाचतो, प्रत्येकीत ३० कॉलम. म्हणजे ६ कोटी शोध, आणि दर ओळीला उत्तर तेच!

बिलवाला: साफ असहमत. एकाने क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) 'सूट' आणि 'कर' या कॉलमांची जागा बदलली, वाचणारा कोड तसाच ठेवला. दोन्ही डेसिमल (दशांश आकडे), त्यामुळे एरर नाही, लॉग स्वच्छ. बिलावर सूट कराच्या रकान्यात! गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा कळलं. नाव चुकलं असतं तर पहिल्याच ओळीला एक्सेप्शन (एरर) आलं असतं. आणि ते ६ कोटी शोध किती वेळ खातात, मोजलंत?

मधला मार्ग: अहो, नावावरून क्रमांक देणारं 'गेटऑर्डिनल' ओळी वाचणाऱ्या लूपच्या बाहेर एकदा बोलवा, आत क्रमांक वापरा. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच सांगितलंय.

धागाकर्ता: माहीत आहे. पण ३० कॉलमांना ३० व्हेरिएबल? तो कोड सांभाळायला तुम्ही येणार का?

मधला मार्ग: मग डॅपर घ्या, ओळीतून थेट ऑब्जेक्ट भरून देणारी तयार लायब्ररी. कॉलम नावाने जुळवतो, जुळवणीचा कोड एकदाच बनवून कॅशमध्ये (पुन्हा वापरायला) ठेवतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवाल्यांनी स्वतःच्याच साइटच्या वेगासाठी लिहिलाय, शोभेसाठी नाही.

जावाकर: नावाचे गोडवे गाणाऱ्यांनो, दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनमध्ये 'आयडी' नावाचे दोन कॉलम आले की? आमच्या जावाच्या रिझल्टसेटमध्ये (तुमच्या डेटा रीडरसारखाच) नावाने मागितलं तर गुपचूप पहिला मिळतो. क्वेरीत एलियस (वेगळं टोपणनाव) द्याच. (क्रमांकवाल्यांची वेगळीच गंमत: आमच्याकडे मोजणी १ पासून, तुमच्याकडे ० पासून. दोन्हीकडे काम करणाऱ्याचं डोकं फिरतं.)

धागाकर्ता: बिलवाले, लावला प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन). शोधांचा वाटा माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला, कबूल. खरा वेळ शेरे लिहायच्या भल्यामोठ्या टेक्स्ट कॉलमवर जातोय. जॉबला तो लागतच नाही, पण क्वेरीत सिलेक्ट स्टार (टेबलातले सगळे कॉलम, टेबलाच्याच क्रमाने) आहे ना. तो काढतो. क्रमांक मात्र सोडणार नाही.

बिलवाला: सिलेक्ट स्टार, आणि वर क्रमांकाने वाचन? कोपरापासून नमस्कार तुम्हाला.