मदत हवी आहे: 'टू बी ऑर नॉट टू बी' सिनेमावर तेव्हा लोक का चिडले?

शेवटची_रांग:
अर्जंट आहे लोकहो. शनिवारी दाखवायचं ठरलंय आणि दोघं अडून बसलेत की नाझींनी पोलंड घेतला असल्या विषयावर कॉमेडी म्हणजे अपमान, तेव्हासुद्धा लोक चिडले होते म्हणे. मला आधी दहा मिनिटं बोलायचंय. नक्की कशावर चिडले ते सांगा. विकिपीडिया वाचलाय.

मिरजकर:
कुठला? १९४२ चा, दिग्दर्शक लुबिचचा, की १९८३ चा मेल ब्रुक्सचा? आणि प्रेक्षक कोण?

शेवटची_रांग:
अहो १९४२ चाच. आमच्या सोसायटीचा फिल्म क्लब.

कापूसकोंडा:
वेळ वाईट होती. शूटिंग चालू असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली. मग जानेवारीत हिरॉइन कॅरोल लोम्बार्ड वॉर बाँड (युद्धासाठीचे सरकारी कर्जरोखे) विकायच्या दौऱ्यावरून परतताना विमान अपघातात गेली आणि मार्चमध्ये सिनेमा लागला, लोक हसणार कसे? विमानात काय होणार अशा अर्थाचा तिचा एक डायलॉग होता, तो काढला.

मिरजकर:
नाही पटत. तिच्यासाठी लोक हळहळले, चिडले ते एका वाक्यावर. सिनेमातला हिरो नाटकातला नट असतो, त्याच्याबद्दल गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, कर्नल म्हणतो, त्याने शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. आणि वॉर्सा तेव्हा खरंच जर्मनांच्या ताब्यात होतं हो! न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक क्राउथर याने झोडपलं. जवळच्या माणसांनी वाक्य काढ म्हणून सांगितलं तरी लुबिचने ठेवलं.

मांडवीकाठ:
२००८ चा 'मान गये मुगल-ए-आझम' यावरूनच घेतलाय, आमच्या गोव्यात घडतो. तोच लावा, सबटायटलची कटकट नाही.

कापूसकोंडा:
ताई, त्यांचा सिनेमा ठरलाय.

दादरचा_आजोबा:
मी म्हणतो चॅप्लिनचा 'ग्रेट डिक्टेटर' लावा, १९४० चा. आमच्या नातवंडांनीसुद्धा शेवटपर्यंत बघितला.

मिरजकर:
त्या दोघांनी सिनेमा बघितलाय का? कुठला सीन खुपतोय?

शेवटची_रांग:
एका काकांनी बघितलाय, ७८ वर्षांचे आहेत. त्या कर्नलला छळछावणीच्या नावाने ओळखतात तो विनोद त्यांना सहन होत नाही.

मिरजकर:
हे आधी सांगायचं ना! तो विनोद कर्नलवरच आहे, असं नाव पडलंय म्हणून तो खूश होतो, त्यातच त्याची लायकी दिसते. छावण्यांमध्ये किती भयंकर चाललंय ते १९४२ साली प्रेक्षकांना पूर्ण कळलेलंही नव्हतं. लुबिच स्वतः बर्लिनचा ज्यू, त्याने टाइम्समध्येच टीकेला उत्तर दिलं. आणि नाटक कंपनीतला छोटा नट ग्रीनबर्ग जर्मन सैनिकांसमोर शायलॉकचं (शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्यू सावकाराचं) भाषण म्हणतो ना, त्यात ज्यू हा शब्द येतच नाही, तरी घसा दाटून येतो. तो सीन काकांना आठवून द्या.

कापूसकोंडा:
आणि हिरो जॅक बेनीच्या वडिलांचं सांगा. पोराला नाझी युनिफॉर्ममध्ये बघून म्हातारा थिएटरमधून उठून गेला होता. बेनीने समजूत काढून परत पाठवलं, मग त्यांनी कितीतरी वेळा बघितला.

शेवटची_रांग:
हे काकांना आजच सांगतो. दुसरे मेंबर मात्र म्हणतात हेरगिरीचा सिनेमा आहे तर यात हेर कोण तेच कळत नाही, त्यांना काय सांगू?

मिरजकर:
प्रोफेसर सिलेत्स्की. नाझींचा हेर, पोलंडमध्ये त्यांच्याविरुद्ध भूमिगत काम करणाऱ्यांची माहिती घेऊन वॉर्सात येतो तो. त्यांनी सिनेमा बघितलेला नाही, आधी बघायला लावा.